आठ वर्षांची लेक्सस एनएक्स ३००एच घ्यावी का? हायब्रिड बॅटरी आणि देखभालीविषयी मार्गदर्शन हवे

करवीरकर (कोल्हापूर) :

नमस्कार मंडळी,

पुण्यातील एका गृहस्थांची २०१८ सालची लेक्सस एनएक्स ३००एच मी पाहून आलो आहे. गाडी ६२,००० किलोमीटर चाललेली असून पहिल्यापासून एकाच मालकाकडे आहे, आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी व्यवस्थित आहेत. नवी होती तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमतच ५३ लाखांच्या पुढे होती. आता जी किंमत सांगितली जात आहे, तेवढ्यात मला एखादी नवी मध्यम एसयूव्ही मिळू शकते, त्यामुळे घरात दोन मते पडली आहेत.

माझा कल या गाडीकडे असण्याचे मुख्य कारण माझे वडील आहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. उंच एसयूव्हीत त्यांना चढता येत नाही आणि सेडानमधून उठता येत नाही, परंतु या गाडीची मागची सीट त्यांच्या बरोबर कमरेच्या उंचीला येते. आमचे गाव कणकवलीजवळ असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी गगनबावड्याहून करूळ घाट उतरून जाणे होते, आणि त्या रस्त्यावर गाडी शांत व स्थिर असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

अडचण अशी की हायब्रिड बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी येत्या दोन महिन्यांत संपते आहे. आमच्या शहरात या कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही. आमचे नेहमीचे मेकॅनिक प्रामाणिक आहेत, पण त्यांनी ‘बॅटरी गेली की गाडी भंगारात’ असे सांगून मला चांगलेच घाबरवले आहे. ज्यांनी अशी गाडी प्रत्यक्ष सांभाळली आहे त्यांनी कृपया सांगावे की घेण्यापूर्वी काय तपासावे आणि घेतल्यावर दरवर्षी कशाकशाची तयारी ठेवावी.

सह्याद्रीवासी (ठाणे) :

करवीरकर, माझ्याकडे हेच मॉडेल गेली पाच वर्षे आहे आणि मीही ते जुनेच घेतले होते. पेट्रोल वाचवण्यासाठी ही गाडी घेऊ नका, हे आधी सांगतो. कागदावर तिचे ॲव्हरेज १८.३२ आहे. मला ठाण्याच्या वाहतुकीत १४ ते १५ मिळते आणि महामार्गावर ताशी १०० ते ११०च्या वेगाने १३च्या आसपास. इतर गाड्यांचे ॲव्हरेज शहरात घसरते, हिचे महामार्गावर घसरते, कारण थांबत-चालत जाताना ब्रेकमधून परत मिळणारी वीज मोकळ्या रस्त्यावर मिळत नाही. तुमचा वापर मुख्यतः कोल्हापूर-कणकवली असेल, तर इंधनातील बचतीने जास्तीचा खर्च भरून निघणार नाही. घ्यायची असेल तर शांतपणासाठी आणि वडिलांच्या सोयीसाठी घ्या. ते कारण पुरेसे आहे.

पाच वर्षांत मला जो त्रास झाला तो मोठ्या बॅटरीमुळे नव्हे, तर १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीमुळे झाला, आणि त्यात चूक पूर्णपणे माझी होती. आम्ही साडेतीन आठवडे परदेशी होतो आणि गाडी तळघरात उभी होती. परत आल्यावर किल्लीचे बटण दाबले तर काहीच हालचाल नाही. किल्लीच्या पोटात लपलेली धातूची छोटी किल्ली काढून चालकाचे दार उघडले, पण आत सगळा अंधार. १२ व्होल्टची बॅटरी मागे डिकीत असते आणि डिकी उघडते विजेवर, म्हणजे बॅटरीपर्यंत पोहोचायचीच सोय नाही. अशा वेळी बॉनेट उघडून फ्यूज बॉक्समधील लाल झाकणाखालच्या टोकाला बाहेरची बॅटरी जोडायची असते. ते टोक कुठे आहे हे गाडी ताब्यात घेतानाच पाहून ठेवा. मी ते रात्री अकरा वाजता मोबाइलच्या उजेडात पुस्तिका वाचून शोधले.

तेव्हापासून गाडी उभी राहणार असेल तर पंधरवड्यातून एकदा ती ‘रेडी’ स्थितीत (म्हणजे सुरू, पण उभी) पाऊण-एक तास ठेवतो, म्हणजे मोठी बॅटरी लहान बॅटरीला चार्ज करते. अर्थात हे तळघरात नव्हे, मोकळ्या जागेत करतो, कारण मध्येच इंजिन आपोआप सुरू होते. तेवढा वेळ गाडी ‘पी’मध्येच असावी. ‘एन’मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही, म्हणून सिग्नलला किंवा टोलनाक्यावर ‘एन’मध्ये टाकण्याची सवय असल्यास ती सोडावी लागेल.

आता करूळ घाटाविषयी. लांब उतारावर ‘डी’मध्येच ठेवून ब्रेक दाबत उतरलात तर सुरुवातीला मोटर वीज तयार करते आणि डिस्क ब्रेकवर फारसा भार येत नाही. परंतु हायब्रिड बॅटरीचा साठा कमी आहे, त्यामुळे निम्म्या घाटातच तिच्या चार्जचा काटा वर जातो आणि पुढची वीज साठवायला जागा उरत नाही. तेव्हा लिव्हर ‘एस’मध्ये (गिअरची पायरी आपण ठरवायची स्थिती) घेऊन खालची पायरी निवडावी. मग इंजिन इंधन न जाळता नुसते फिरून गाडीला रोखते आणि त्याचा आवाज एकदम वाढतो. पहिल्यांदा ऐकल्यावर काहीतरी तुटले असे वाटते, पण ते तसेच व्हायचे असते.

यंत्रवेडा (पिंपरी) :

मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल हा विषय बावीस वर्षे शिकवला आणि शेवटची काही वर्षे हायब्रिड वाहनांचे प्रशिक्षण दिले. तुमच्या मेकॅनिकचे विधान अर्धवट माहितीवर आधारलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लेक्सस ही टोयोटाचीच आलिशान गाड्यांची शाखा. टोयोटाने १९९७ साली प्रियस या हायब्रिड गाडीत जी रचना आणली, तिचीच पुढची आवृत्ती या गाडीत आहे. २४९४ सीसीचे इंजिन, पुढे दोन विद्युत यंत्रे आणि त्यांना जोडणारा ग्रहीय गिअरसंच, शिवाय मागच्या चाकांसाठी वेगळी मोटर. मागची चाके फिरवण्यासाठी पुढून मागे जाणारा दांडा या गाडीत नाही. यामुळे देखभालीचे कितीतरी विषय मुळातच गळून पडतात: झिजणारा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, त्याचा पट्टा नाही आणि पट्ट्यांवर चालणारा सीव्हीटी (पायऱ्यांविना चालणारा गिअरबॉक्स) हाही नाही. ज्या गोष्टी नाहीतच त्या बिघडत नाहीत, आणि वॉरंटी संपलेल्या आलिशान गाड्यांमध्ये सर्वांत महाग पडणारे काम बहुधा गिअरबॉक्सचेच असते, हे लक्षात घ्यावे.

राहिला बॅटरीचा प्रश्न. मागच्या सीटखालची ही बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आहे. प्रत्येकी ७.२ व्होल्टची ३४ मोड्यूल (बॅटरीचे सुटे घटक) एकापुढे एक जोडून २४४.८ व्होल्ट मिळतात आणि साठा सुमारे १.६ युनिट, म्हणजे विजेच्या गाडीच्या तुलनेत अगदीच थोडा. गाडीचा संगणक ती कधीच पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यातच ती खेळवत ठेवतो. म्हणूनच ती इतकी वर्षे टिकते. तिचा खरा शत्रू उष्णता आहे. मागच्या सीटखालच्या जाळीतून पंखा प्रवासीकक्षातील थंड हवा ओढून बॅटरीवरून फिरवतो आणि त्या जाळीमागे एक बारीक फिल्टर असतो. तो धूळ, लोकर, केस यांनी बुजला की पंखा जोरात फिरतो, हवा पुरेशी जात नाही, मधली मोड्यूल तापतात आणि त्यांची क्षमता बाकीच्यांपेक्षा आधी घटते. बॅटरी क्वचितच सगळी एकदम जाते. दोन-चार मोड्यूल मागे पडतात आणि बाकीच्यांना ओढून खाली आणतात.

तपासणी यासाठीच करायची. दोन-दोन मोड्यूलचा एक, असे १७ ब्लॉक संगणक स्वतंत्रपणे मोजत असतो. गाडीला स्कॅनर जोडून, चढावर इंजिनावर भार असताना आणि ब्रेक लावताना, सर्वांत जास्त व सर्वांत कमी व्होल्टेजच्या ब्लॉकमधील फरक पाहायला सांगा. फरक ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर निश्चिंत असा; तो वारंवार एक व्होल्टच्या पुढे जात असेल तर विकत घेऊ नका, मग गाडी बाहेरून कितीही चकचकीत असो. पी०ए८० हा कोड (हायब्रिड बॅटरी क्षीण झाल्याचा संगणकाचा इशारा) पूर्वी कधी आला होता का, तेही विचारा. गाडी चालवताना पडद्यावरचा बॅटरीचा काटा काही मिनिटांत भरभर वर जाऊन तितक्याच वेगाने खाली येत असेल, तर तेही क्षीण बॅटरीचे लक्षण आहे.

तुमच्या मेकॅनिककडून इंजिन ऑइल, एअर फिल्टर, टायर, ब्रेक ही कामे खुशाल करून घ्या. ऑइल ०डब्ल्यू-२० दर्जाचेच असावे. मात्र नारिंगी रंगाच्या केबलला त्यांना हात लावू देऊ नका. त्या केबलमधून ६५० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. ते काम प्रशिक्षित माणूसच करतो, मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, रोधक हातमोजे घालून आणि कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटे थांबून. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या यंत्राच्या) कूलंटची टाकी इंजिनाच्या टाकीहून वेगळी असते. तिच्यात नळाचे पाणी घातल्यामुळे हजारोंचा फटका बसलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणखी एक गोष्ट राहिली. गाडी बंद पडली तर पुढची किंवा मागची चाके उचलून ओढणारी क्रेन बोलावू नका. चारही चाके जमिनीवरून सुटली पाहिजेत, कारण दोन्ही धुऱ्यांवर मोटरी आहेत. विम्याची रस्त्यावरील मदत घेताना फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा सपाट ट्रक, मिळेल याची आधीच खात्री करून घ्या.

मांडवीकाठ (पणजी) :

माझी हायब्रिड एसयूव्ही दुसऱ्या कंपनीची आहे, त्यामुळे तुमच्या मॉडेलविषयी बोलत नाही; पण तुम्ही पावसाळ्यात कोकणात जाणार आहात म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

मोटर गाडी थांबवत असल्यामुळे ब्रेक पॅड अनेक वर्षे टिकतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु कमी वापरामुळे आमच्या दमट हवेत मागच्या डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात. पॅड नवे दिसतात म्हणून कोणी चाक उघडूनच पाहत नाही. दर पावसाळ्यानंतर चारही चाके काढून पिना साफ करून त्यांना ग्रीस लावून घ्यावे.

दुसरे, पूर्ण आयात झालेल्या गाडीचे सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. माझ्या गाडीची पुढची काच दगड लागून तडकली, तेव्हा नवी काच यायला पाच आठवडे लागले. गाडीचे वय वाढले की झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा) विमा मिळणे अवघड होत जाते, तेव्हा व्यवहार ठरवण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी आकडा मागवा आणि पाण्याने होणारे नुकसान त्यात धरले आहे का, तेही पाहा.

करवीरकर (कोल्हापूर) :

तिघांचेही मनापासून आभार. शनिवारी वडिलांना घेऊन पुण्याला गेलो आणि मालकांच्या संमतीने सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्रवेडा यांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली.

कात्रजच्या चढावर भाराखाली ब्लॉकमधला फरक ०.१८ व्होल्टच्या आसपास राहिला, दोनदा ०.२३ झाला, त्यापुढे गेला नाही. जुना कोणताही कोड नोंदलेला नव्हता. पण मागच्या सीटखालची जाळी उघडल्यावर आम्ही सगळेच चकित झालो. डाव्या बाजूच्या फिल्टरवर करड्या लोकरीची घडी ठेवावी तसा थर होता आणि त्यात पांढरे लांब केस गुंतलेले होते. मालकांचा कुत्रा नेहमी त्याच बाजूला बसत असे. त्यांना त्या फिल्टरची कल्पनाच नव्हती आणि ते खरोखर ओशाळले. सलग दोन तास चालवल्यावरही बॅटरीचे तापमान मर्यादेत होते, त्यामुळे हानी होण्याआधीच हे लक्षात आले असे तंत्रज्ञांचे मत पडले. दोन्ही फिल्टर नवे बसवून घेतले.

१२ व्होल्टची बॅटरी पाच वर्षांची निघाली, ती बदलावी लागेल. टायरवर ३२१९ असा आकडा आहे, म्हणजे २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक असली तरी रबराला बारीक चिरा पडल्या आहेत, तेव्हा चारही टायर बदलणार. मागच्या डिस्कच्या कडेला गंजाची कड आली आहे. या तिन्ही कामांचा अंदाजी खर्च कागदावर लिहून दाखवल्यावर मालकांनी तेवढी रक्कम किमतीतून कमी केली. विम्याचा आकडाही मिळाला आहे. झिरो डेप मिळत नाही, पण पाण्यापासूनचे संरक्षण मिळते, आणि ते मी घेतो आहे. वॉरंटी संपल्यानंतर बॅटरी बदलण्याची वेळ आलीच तर हाताशी असावेत म्हणून दरमहा ठरावीक रक्कम वेगळी ठेवायचे आम्ही दोघा पती-पत्नींनी ठरवले आहे.

वडील मागच्या सीटवर बसले आणि कुणाचाही हात न धरता उतरले. नंतर पुन्हा एकदा बसून पाहिले. घरातली दुसऱ्या बाजूची मते त्यानंतर बदलली.

गुरुवारी गाडी ताब्यात मिळेल. पहिली फेरी गावाकडेच असेल, करूळ घाटातून. निम्म्या घाटात इंजिनाचा आवाज वाढेल आणि त्याने घाबरायचे नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवले आहे.