शाख्ती गावातले भारोत्तोलक

रशियन पॉवरलिफ्टर किरिल सारिचेव यांनी २०१५ मध्ये मॉस्कोत ३३५ किलोचे बेंचप्रेस (बाकावर पाठीवर झोपून वजन छातीपासून वर ढकलणे) केले, त्यावरून रशियन ताकदीची परंपरा पॉवरलिफ्टिंगपासून (स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट यांच्या खेळापासून) सुरू झाली असे कुणाला वाटेल. पण तिची मुळे त्याआधीच्या ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये, म्हणजे वजन थेट डोक्यावर उचलण्याच्या खेळात आहेत, म्हणून हे लिहितो.

दक्षिण रशियातल्या शाख्ती या कोळसा खाणींच्या गावात १९६४ चे ऑलिंपिक विजेते रुडॉल्फ प्ल्युकफेल्डर प्रशिक्षक होते. डेव्हिड रिगर्ट त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि वसिली अलेक्सेयेवही काही काळ तिथे होते, पण पुढे अलेक्सेयेव यांनी स्वतःच्या पद्धतीने एकट्याने सराव सुरू केला. प्रेस (खांद्यापासून केवळ हातांच्या जोरावर वर), स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) या तेव्हाच्या तीन प्रकारांत मिळून ६०० किलोंची सीमा त्यांनी १९७० मध्ये सर्वप्रथम ओलांडली. त्यांच्या नावावर ८० विश्वविक्रम आहेत. मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये १९७६ साली त्यांनी २५५ किलोचा क्लीन अँड जर्क केला, तेव्हा डोक्यावर तोललेल्या त्या दांड्याची दोन्ही टोके वजनाने खाली वाकली होती. मला हा क्षण त्यांच्या सर्व आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

म्हणूनच १९८० चे मॉस्को ऑलिंपिक आठवले की आजही वाईट वाटते. आपल्याच देशातील प्रेक्षकांसमोर १८० किलोच्या स्नॅचचे त्यांचे तिन्ही प्रयत्न फसले आणि सुवर्णपदक त्यांचेच सहकारी सुलतान रखमानोव यांना मिळाले.