पन्नाशीनंतर एलएलबी: कुणी केलंय का?

कृष्णाकाठ:
वय ५३. सहकारी बँकेत कर्ज विभागात होते, स्वेच्छानिवृत्ती घेतली. वकील व्हायचं बारावीपासून डोक्यात होतं, तेव्हा घरी कुणी ऐकून घेतलं नाही. आता तीन वर्षांचं एलएलबी करायचं म्हणतेय. मुलगा म्हणतो, हौस म्हणून कर. मला हौस नको, वकिलीची सनद हवी. वयाची अट आहे का? घरबसल्या करता येतं का? आणि या वयात ज्युनिअर म्हणून कोण ठेवून घेईल?

बांधावरचा:
वयाची चिंता सोडा. ४५ नंतर सनद द्यायची नाही, असा नियम बार कौन्सिलने केला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच रद्द केला. प्रवेशाच्या सीईटीलाही वयोमर्यादा नाही. पदवीला ४५ टक्के हवेत (खुला गट). चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. घरबसल्या मात्र विसरा. दूरस्थ एलएलबीवर सनद मिळत नाही आणि हजेरी ७० टक्के लागते.

डॉक्टरकाका:
मलाही हा किडा चावला होता. पण डॉक्टरकी चालू ठेवून सनद मिळत नाही. तसा १९९६ चा निकालच आहे, तोही मुंबईच्या एका डॉक्टरच्या प्रकरणातला. दवाखाना काही सुटला नाही. तुमची नोकरी सुटलीय, नशीबवान आहात!

तालुका_कोर्ट:
ताई, दिवाणी बाजू चालवतो म्हणून स्पष्ट लिहितो. परीक्षा पास व्हाल हो. पुढचं अवघड. सीनियर तुमच्याहून लहान असणार. कामं काय, तर नकलेचा अर्ज द्या, रोजनामा (कोर्टात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद) बघून या, तारखा डायरीत चढवा. पैसे नाममात्र, कधी तेही नाहीत. बँकेत तुमच्या सहीला वजन होतं, इथे 'मॅडम, जरा झेरॉक्स आणता?' ऐकावं लागेल. ते पचणार असेल तरच या.

आणि फौजदारीच्या नादी लागू नका. गहाणखतं, मालमत्तेचे सर्च रिपोर्ट, जामीनदार यांतच तुमची नोकरीची वर्षं गेली. सहकार न्यायालय, सहकार कायद्याच्या कलम १०१ चे थकबाकी वसुलीचे दाखले हीच तुमची जागा. नव्या पोरांना कर्जाचा खातेउतारा वाचता येत नाही. व्याज कुठे चुकलंय ते तुम्ही बोट ठेवून दाखवाल.

कृष्णाकाठ:
१०१ चे प्रस्ताव मीच तयार करायचे! झेरॉक्सचं काही वाटणार नाही, शाखेत पाणीसुद्धा भरलंय. सनदेला खर्च किती? आणि सीनियर शोधायचा कसा?

बांधावरचा:
सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालानंतर खुल्या गटाला नोंदणी फी ७५० रुपयांच्या वर लावता येत नाही. स्टँप ड्यूटी वेगळी. शिवाय ऑल इंडिया बारची परीक्षा आहे, तिची फी निराळी.

तालुका_कोर्ट:
सीनियरसाठी आत्तापासूनच कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा, कुणी उठवत नाही. उलटतपास कोण तयारीने घेतो आणि कोण नुसत्या तारखा मागतो, ते आठवड्याभरात कळतं. तुमच्या बँकेच्या पॅनलवरचे वकील ओळखीचे असतीलच. त्यांच्यात फाईल स्वतः वाचणारा कोण होता?

कृष्णाकाठ:
असे एकच होते. उद्या फोन लावते.