हाजिमे नो इप्पो: सुरुवात ॲनिमेपासून की मंगापासून?

डावा_जॅब
परवा मामेभावाने विचारलं, "दादा, ते बॉक्सिंगचं ॲनिमे कुठून सुरू करू?" 'हाजिमे नो इप्पो' या जपानी ॲनिमेशन मालिकेबद्दल विचारत होता. दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हायचं होतं, पण तासभर बोलत बसलो. म्हणून इथे मांडतो.

माझं मत ठाम आहे. मॅडहाउस या जपानी स्टुडिओने काढलेली पहिली मालिका घ्या, २००० साली सुरू झालेली, ७५ भागांची. पहिल्या भागापासून, एकही न गाळता. मग २००३ चा 'चॅम्पियन रोड' हा टीव्ही चित्रपट आणि किमुरा आणि माशिबा या बॉक्सरांच्या लढतीचा ओव्हीए, म्हणजे टीव्हीऐवजी थेट व्हिडिओवर आलेला भाग. नंतर २००९ चं 'न्यू चॅलेंजर', २६ भाग. शेवटी २०१३ चं 'रायझिंग', २५ भाग.

कथा थोडक्यात: इप्पो माकुनोउची हा शाळकरी मुलगा. वडील समुद्रात वारलेले. आई गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना समुद्रात नेणारी होडी चालवते, हा तिच्या हाताखाली राबतो. शाळेतलं टोळकं त्याला बडवतं, ताकामुरा नावाचा बॉक्सर सोडवतो. तेव्हापासून इप्पोच्या डोक्यात एकच प्रश्न: बलवान असणं म्हणजे नेमकं काय?

गाळू नका म्हणतोय त्याला कारण आहे. ताकामुरा त्याला सांगतो, झाडावरून गळणारी दहा पानं डाव्या हाताने पकडून दाखव, आठवड्याची मुदत. तो मुलगा रोज त्या झाडाखाली उभा राहतो. एक पान, दोन पानं, पुन्हा एक. पुढे रिंगणात त्याचा डावा हात सुटतो ना, तेव्हा ते झाड आठवतं. थेट मोठ्या लढतींवर उडी मारलीत तर नुसते ठोसे दिसतील.

कागदवाली
मला हे पटत नाही. मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा आहे, तिथूनच सुरुवात करावी. जॉर्ज मोरिकावा यांनी १९८९ साली कोदान्शाच्या 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये ती सुरू केली. आज १४० च्या वर खंड झालेत आणि अजून चालूच आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं ॲनिमे धरलं तरी जेमतेम तिसरा हिस्सा होतो. म्हणजे माणूस 'रायझिंग' संपवतो, त्या आवाजांची, त्या रंगांची सवय झालेली असते, आणि मग त्याला म्हणायचं की आता काळ्या-पांढऱ्या पानांवर ये, तेही मधूनच. माझ्या ओळखीचे चार जण तिथेच थांबले.

दुसरं, पान उलटायचा वेग आपल्या हातात असतो. मोरिकावा एखादा ठोसा दोन पानं भरून काढतात. खांद्यापासून कमरेपर्यंत पिळलेलं शरीर, पायाचा चवडा जमिनीत रुतलेला. तिथे मी मिनिटभर थांबते. ॲनिमे मला थांबू देत नाही.

कोपऱ्यातला_स्टूल
कॉलेजात तीन वर्षं बॉक्सिंग केलं, म्हणून बोलतो. कागदवाली ताई, तुमचं चित्रांबद्दलचं म्हणणं मान्य, पण आवाजाचं काय? इप्पोचा लिव्हर ब्लो, म्हणजे यकृतावरचा ठोसा घ्या. तो ठोसा मी खाल्लाय. उजव्या बरगडीखाली बसतो. क्षणभर काहीच होत नाही, मग श्वास अडकतो आणि पाय ऐकेनासे होतात. डोकं मात्र टक्क जागं. उठायचंय हे कळत असतं, उठता येत नाही. ॲनिमेत ग्लोव्ह बसल्याचा तो दबका आवाज येतो तेव्हा माझा हात आजही आपोआप बरगडीवर जातो.

आणि इप्पोचा डेम्प्सी रोल हलताना बघायलाच हवा. जॅक डेम्प्सी हा १९१९ ते १९२६ चा अमेरिकन हेवीवेट विजेता, त्याच्यावरून आलेलं तंत्र. धड आडव्या आठच्या आकड्यात फिरवायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, आणि प्रत्येक झोक्याला एक हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा. इप्पो फेदरवेट वजनगटातला, म्हणजे कमाल ५७.१५ किलो. पण झोका वाढत जातो तसे समोरच्याचे पाय मागे सरकायला लागतात. ती लय स्थिर चित्रांत अर्धीच कळते.

डावा_जॅब
अगदी! आणि त्या लयीतच त्याचा कच्चा दुवा आहे. झोका ठरलेला, म्हणजे काउंटर (समोरच्याचा ठोसा येतानाच उलट ठोसा) मारणाऱ्याला वेळ साधता येते. इप्पोचा प्रतिस्पर्धी मियाता काउंटरवरच जगतो, म्हणून त्या दोघांच्या लढतीची एवढी ओढ लागते.

मधली_बर्थ
माझी चूक सांगते. चित्र स्वच्छ दिसतं म्हणून मी थेट 'रायझिंग'पासून सुरू केलं. इप्पोची सावामुराशी लढत समोर आली आणि सगळे एवढे का हादरलेत ते कळेना. शेवटच्या भागांत प्रशिक्षक कामोगावांचे युद्धानंतरचे तरुणपणीचे दिवस येतात, तेही कोरडेपणाने बघितले. नंतर पहिल्यापासून सगळं बघून परत तिथे आले, तेव्हा धाय मोकलून रडले. त्या म्हाताऱ्याला आधी शंभरेक भाग ओरडताना ऐकलेलं असावं लागतं.

सावंतवाडीचा_वाचक
कुठूनही सुरू करा, पण नव्या माणसाला दोन गोष्टी आधी सांगा. ताकामुराचे विनोद बरेचदा आचरट असतात, घरात सगळ्यांबरोबर बघण्यासारखे नाहीत. आणि बायकांच्या वाट्याला फार कमी येतं. इप्पोला आवडणाऱ्या कुमीसारखी चांगली व्यक्तिरेखा वर्षानुवर्षं वाट बघत उभी आहे. माझं मत विचाराल तर आधी 'आशिता नो जो' वाचावं. त्याच साप्ताहिकात १९६८ ते १९७३ चाललेली मंगा, तीही बॉक्सिंगची, आणि तिला शेवट आहे. चालूच राहणारी गोष्ट माणसाला दमवते.

डावा_जॅब
विनोदांबद्दल आणि कुमीबद्दल बरोबर आहात, भावाला सांगेन. 'जो' थोर आहे यात वादच नाही. पण त्याने एक गोष्ट मागितली आणि आपण त्याच्या हातात आधी दुसरीच ठेवायची, हे मला योग्य वाटत नाही. शिवाय 'जो' काळजाला घरं पाडते. घाबरणाऱ्या मुलाला धीर देते ती इप्पोची गोष्ट, आणि माझ्या भावाला सध्या तिचीच गरज आहे.

कागदवाली
हे वाचून थोडी नरमले. ॲनिमे बघू दे त्याला. पण 'रायझिंग'नंतर मधल्या खंडावर नेऊ नका, परत पहिला खंड हातात द्या. गोष्ट माहीत असली की चित्रं नीट दिसतात.

कोपऱ्यातला_स्टूल
पन्नासेक खंड पुन्हा? कोणी वाचणार नाही. जिथे थांबलं तिथून पुढे जाऊ दे.

कागदवाली
मी वाचले की! पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा सुरू केले. मुलांसाठीचं साप्ताहिक असल्यामुळे कांजी, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्यामुळे अडत अडत का होईना, पुढे सरकता येतं. पानं पकडायचं ते प्रकरण मला दोन संध्याकाळी पुरलं होतं.

डावा_जॅब
ताजी खबर. काल रात्री अकराला भावाचा फोन. मियाताबरोबरची दुसरी सरावलढत नुकतीच बघितलेली. इप्पो अपरकट, म्हणजे खालून वर मारायचा ठोसा शिकतो ती. "दादा, तो जिंकलाय हे त्याला स्वतःलाच खरं वाटत नाहीये," म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला. तोही पुण्यातच असतो, ताई.

कागदवाली
मग पाठवा त्याला. पहिला खंड काढून ठेवते. जपानी येत नसलं तरी चालेल, गोष्ट माहीत आहे. फक्त परत आणून द्यायचा, त्याच्या समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.