मित्राबरोबर कोंडलेले दिवस: कॉलेजात असतानाच्या क्वारंटाइनचे अनुभव

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत जगभरातली कॉलेजं बंद झाली. युनेस्कोच्या त्या वेळच्या आकड्यांनुसार दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थ्यांचं शिक्षण एकाच वेळी थांबलं. कॉलेजातले बरेच जण घरी गेले. काहींना जाता आलं नाही, काहींनी जायचं नाही असं ठरवलं, आणि ते ज्याच्याबरोबर होते त्याच्याबरोबरच राहिले.

घरच्यांबरोबर काढलेल्या लॉकडाउनबद्दल भरपूर लिहून झालंय. रूममेटबरोबर, मित्राबरोबर चार भिंतींत अडकलेल्यांचं मात्र फारसं वाचायला मिळत नाही. आईवर चिडता येतं, भावंडाशी भांडून तासाभरात पुन्हा बोलता येतं. मित्रावर हक्क असतो, पण किती, हे कधी ठरलेलंच नसतं. आणि अशात दोघांपैकी एकाला ताप येतो.

तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल आणि असे राहिला असाल तर या धाग्यावर लिहा. काय ठरवलंत, कशावरून वाजलं, कोणी कोणाचं काय केलं. शेवट गोड असलाच पाहिजे असं नाही. मित्रमैत्रिणींची नावं मात्र टाळा, आजारपण ज्याचं त्याचं असतं.

सुरुवात मी करते.

मी आणि माझी रूममेट, दोघी शेवटच्या वर्षाला. एक खोली, एक बाथरूम, मधे आडवं लावलेलं कपाट. तिचा आधी वास गेला. अंघोळीहून आली ती शाम्पूची बाटली हातात घेऊनच. "अगं, याला वास येतोय का बघ." मला दोन हातांवरून येत होता, तिला बाटली नाकाला लावूनही काही नाही. ताप नाही, खोकला नाही. टेस्ट पॉझिटिव्ह.

तिचा ऑक्सिजन मोजायचं काम माझ्याकडे होतं. ९४ च्या खाली गेला तर लगेच फोन करा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. एका रात्री यंत्रावर ८९ दिसला. ती तर नीट बोलत होती, धाप नव्हती. मी फोन हातात घेतला आणि तिच्या बोटाकडे लक्ष गेलं. कंटाळा आला म्हणून दुपारी तिने गडद निळं नेलपॉलिश लावलं होतं. ते पुसलं, बोट चोळून गरम केलं, पुन्हा लावलं तर ९७. नखावरच्या गडद रंगाने आणि गार बोटांनी त्या यंत्राचा आकडा चुकू शकतो, हे तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते.

दिवसांचा हिशेब मला खरा धक्का देऊन गेला. मला वाटलं होतं, दोघी एकदमच सुटणार. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस आणि त्यावर लक्षणांशिवायचे किमान ३ दिवस गेले, की पुन्हा टेस्ट न करता रुग्णाला मोकळं करता येईल. त्याप्रमाणे ती सुटली. मी मात्र संपर्कातली. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तेव्हा साधारण पाच-सहा दिवस लागायचे, पण कधी कधी १४ सुद्धा, म्हणून संपर्कात आलेल्याने शेवटच्या संपर्कापासून १४ दिवस थांबायचं, असा तेव्हाचा नियम होता. आता एकाच खोलीत राहणाऱ्यांचा शेवटचा संपर्क कधी धरायचा? रुग्ण मोकळा होतो तेव्हा. म्हणजे ती बरी झाली त्या दिवशी माझे १४ दिवस सुरू झाले! मधे माझी टेस्ट निगेटिव्ह आली, पण त्याने काही फरक पडला नाही. आज निगेटिव्ह आहे म्हणजे चार दिवसांनीही असेल, असं नसतं.

सुटल्यावर ती बाहेर जायलाच तयार होईना. "तू आत असताना मी कशी फिरू?" कोणीतरी आपल्यासाठी त्याग करतंय आणि तेही आपल्या डोळ्यांसमोर, दिवसभर, हे फार जड जातं. मीच तिला हाकललं. जा, आणि आल्यावर सगळं सांग. मग ती रोज संध्याकाळी जायची आणि कपाटापलीकडून सांगायची: कुठलं दुकान उघडलंय, कुत्रीला पिल्लं झालीत त्यातलं एक पांढरं आहे, वळणावरचा दिवा अजून बंदच आहे. मी मधे मधे प्रश्न विचारायचे. आमची मैत्री तीन वर्षांची होती, पण ती पक्की झाली ती या बातम्यांमध्ये, असं मला वाटतं.

*

मी मित्राच्या घरी अडकलो. चार दिवसांसाठी प्रोजेक्ट करायला गेलो होतो, बरोबर दोन शर्ट आणि लॅपटॉप. प्रवास बंद झाला आणि मग त्याच्या वडिलांना लागण झाल्यावर सगळं घरच क्वारंटाइन.

घर चांगलंच होतं, माणसंही चांगली. पण पाहुणा म्हणून किती दिवस राहणार? पहाटे बाथरूमला जाताना दाराची कडी वाजू नये म्हणून मी ती बोटाने धरून सरकवायचो. भूक लागली तरी सांगायचो नाही. एक दिवस काकू म्हणाल्या, "उद्यापासून धुतलेले कपडे वाळत घालायचे आणि घड्या करायच्या, हे तुझं काम. चादरींची चार टोकं जुळली पाहिजेत." माझा जीव भांड्यात पडला. काम मिळालं म्हणजे घरात जागा मिळाली.

अवघड असायचं ते मित्राचं आणि त्याच्या बाबांचं भांडण. बाबा आतल्या खोलीत, हा दाराबाहेर, दोघांचा आवाज चढलेला, आणि मी मधल्या खोलीत. उठून जायला दुसरी जागाच नाही. मित्र नंतर येऊन काही न बोलता शेजारी बसायचा. मीही विषय काढायचो नाही. एरवी त्याने मला घरातलं हे कधी दिसू दिलं नसतं. त्याने मला ते बघू दिलं, याचं मोल मला आजही वाटतं.

*

आमचं परीक्षेचं सांगते. ऑनलाइन परीक्षा, कॅमेरा चालू. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा आवाज आला तर सॉफ्टवेअर लाल खूण करणार. आम्ही दोघी एका खोलीत, दोघींचे विषय वेगळे, पेपर एकाच दिवशी वेगवेगळ्या वेळी. क्वारंटाइनमुळे दाराबाहेर जायची सोय नाही.

माझा पेपर असला की मैत्रीण बाथरूममध्ये बसायची. उशी, पुस्तक आणि पाण्याची बाटली घेऊन, तीन तास. नळ सोडायचा नाही, फ्लश करायचा नाही, शिंक आली तर टॉवेलमध्ये. तिचा पेपर असला की मी. आम्ही आधीच कॉलेजला मेल करून परिस्थिती कळवली होती, खोलीचा फोटोही जोडला होता. उत्तर आलं ते निकाल लागल्यावर.

मला राग त्या सॉफ्टवेअरचा नाही येत. ज्यांनी ते लावलं त्यांच्या मनात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची खोली असणार, हे इतकं पक्कं होतं की कोणी विचारलंसुद्धा नाही, याचा येतो.

*

माझ्या मित्राचे वडील त्या काळात गेले. आम्ही फ्लॅटवर दोघेच, तो स्वतः पॉझिटिव्ह, त्याच्या विलगीकरणाचे निम्मे दिवस बाकी. जायचा प्रश्नच नव्हता.

पहाटे त्याच्या बहिणीचा फोन आला तो मला. त्याचा लागत नव्हता. मी दाराशी उभा राहून त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरं."

अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर बघायचे होते. त्याचे हात थरथरत होते, फोन धरवेना. मी मास्क घातला, खिडकी उघडली आणि आत गेलो. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, मला माहीत होतं. पण त्या वेळी त्याने एकट्याने टेबलाला फोन टेकवून ते बघावं, हे मला मान्य नव्हतं. मी फोन धरला. तिकडे कोणाचा तरी फोन सारखा हलत होता, मधेच आकाश दिसायचं, मधेच चपला. तो एकदाच बोलला: "त्यांना सांग ना, जरा स्थिर धरा."

त्या रात्री त्याला बोलायचं नव्हतं आणि शांतताही नको होती. म्हणाला, काहीतरी वाच. समोर थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक होतं. मी एन्ट्रॉपीचं प्रकरण मोठ्याने वाचत बसलो. मधे थांबलो की म्हणायचा, पुढे. उजाडेपर्यंत आम्ही ते प्रकरण संपवून पुढची गणितं घेतली होती. त्याच्यापैकी दोन त्याने सोडवली.

मला लागण झाली नाही. झाली असती तरी मी आत गेलोच असतो.

*

वरचं वाचून माझा अनुभव लिहावा की नाही असं वाटलं, पण धाग्यात म्हटलंय की गोड शेवट लागत नाही, म्हणून लिहिते.

आमची मैत्री क्वारंटाइनमध्ये संपली. भांडणाने नाही. मला दमा आहे. आम्ही दोघींनी ठरवलं होतं की बाहेर कोणालाही भेटायचं नाही, भेटावंच लागलं तर आधी सांगायचं. ती तिच्या मित्राला जिन्यात भेटायची आणि मला सांगायची की कचरा टाकायला गेले होते. त्याला लागण झाल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघी अडकलो. मी प्रत्येक श्वास मोजत ते दिवस काढले. ती माझी माफी मागत होती, माझी कामं करत होती, इनहेलर हाताशी आणून ठेवत होती. मला तिचा राग नव्हता आला. एकोणीस वर्षांच्या मुलीला कोणाला तरी भेटावंसं वाटतं, यात गुन्हा काय? तिने मला विचारलं असतं तर आम्ही अंगणात, लांब उभं राहून भेटायचा काहीतरी मार्ग काढला असता. पण माझ्या फुप्फुसांबद्दलचा निर्णय तिने माझ्यावाचून घेतला. ते मला ओलांडता आलं नाही. अजूनही वाढदिवसाला मेसेज करतो एकमेकींना, तेवढंच.

*

माझ्या रूममेटमुळे आम्ही वाचलो असं मी सगळ्यांना सांगतो. तो मेकॅनिकलचा, हवेच्या प्रवाहावर प्रोजेक्ट करणारा. २०२० च्या उन्हाळ्यात सगळं जग बाटल्या पुसत होतं तेव्हा हा पठ्ठ्या म्हणायचा, "हात धू, पण आधी खिडकी उघड." जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या असं सांगितलं, तेव्हा त्याने ते मला छापून भिंतीवर लावायला लावलं.

मग मला ताप आला. त्याने मला खिडकीच्या बाजूला हलवलं आणि टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला. मला वाटलं, ताप मला आणि वारा बाहेर? तो म्हणाला, "तुझ्याकडची हवा बाहेर गेली पाहिजे, माझ्याकडे नको." दाराखालच्या फटीतून ताजी हवा आत यायची, आधी त्याच्याकडून, मग माझ्याकडून, मग बाहेर. उदबत्ती लावून धुराची रेघ कुठे जाते ते त्याने तपासलं. रेघ माझ्या डोक्यावरून सरळ पंख्यात जात होती. दोघांनाही आत मास्क, झोपतानासुद्धा. त्याला लागण झाली नाही. नशिबाचाही भाग असेल, पण मी श्रेय त्या पंख्याला देतो.

*

थोडं वेगळं लिहिते. माझी मैत्रीण ओठ वाचून समजून घेते, तिला ऐकू फार कमी येतं. मास्क आले आणि तिच्यासाठी सगळं जग एकदम बोलायचं थांबलं. दुकानदार, डॉक्टर, रिक्षावाले, सगळ्यांचे चेहरे अर्धे. टेस्टच्या केंद्रावर तिचं नाव पुकारलं ते तिला कळलंच नाही, रांगेतून ती मागे पडली.

आम्हा दोघींची टेस्ट एकाच दिवशी पॉझिटिव्ह आली, त्यामुळे खोलीत एकमेकींपुढे मास्क लावायची गरज नव्हती. अंग दुखत होतं, घसा सोलून निघाला होता, आणि ती खूश होती! दिवसभर मला बोलायला लावायची. माझा आवाज बसला होता, पण तिला आवाज कुठे हवा होता? मी नुसते ओठ हलवायचे आणि ती हसायची. माझ्या आजवरच्या सगळ्यात लांब गप्पा मी अशा आवाजाशिवाय मारल्यात.

कॉलेज पुन्हा भरलं तेव्हा आम्ही वर्गात सगळ्यांना, सरांनाही, तोंडाजवळ पारदर्शक खिडकी असलेले मास्क वापरायची विनंती केली. सर पहिल्याच दिवशी घालून आले, पण दहा मिनिटांत आतून वाफ धरली आणि पुन्हा काही दिसेना. मैत्रिणीने उठून त्यांना फळ्यावर लिहून सांगितलं: आतल्या बाजूला साबणाचा पातळ हात फिरवा, वाळू द्या, मग पुसा. दुसऱ्या दिवसापासून अख्खा तास दिसायला लागला.