गडाचा हवालदार म्हणजे सार्जंट?

सह्यवेडा: एका किल्ल्याच्या माहितीफलकाचं इंग्रजी करतोय. मूळ वाक्य साधंच, 'गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस असत.' (सबनीस हिशेब-हजेरी बघणारा, सरनोबत गडावरच्या शिपायांचा प्रमुख, कारखानीस कोठारं सांभाळणारा.) मी हवालदार तसाच ठेवला होता, तर तपासणाऱ्यांनी खोडून तिथे सार्जंट केलं, म्हणे डिक्शनरीत तेच आहे. मला अजिबात पटत नाहीये. काय लिहावं?

मीनल_के: सार्जंटच्या तोडीचा हवालदार तो इंग्रजांच्या पलटणीतला, बाहीवर तीन फितीवाला. शिवकाळातला गडाचा हवालदार म्हणजे गडाचा मुख्य माणूस, संध्याकाळी दरवाजे बंद करून घेणं, सकाळी उघडणं आणि किल्ल्या सांभाळणं त्याच्याकडे. हवाला म्हणजे सोपवलेली गोष्ट, ती ज्याच्याकडे तो हवालदार. इथे सार्जंट लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार गडावर कुणी वरिष्ठ नव्हताच.

जुना_बखरवाला: अहो पण त्याच काळात फौजेतही हवालदार होताच की. सभासद बखरीत आहे, पागेत पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी आणि पाच हजारींवर पंचहजारी. पायदळात सगळ्यात खाली नाईक, त्याच्यावर हवालदार. तो हवालदार सार्जंटच्या बराच जवळ जातो. म्हणजे एकाच राज्यात एकाच वेळी एक हवालदार पंचवीस घोडी बघतोय आणि दुसरा अख्खा गड. शब्द हुद्द्याचा नाहीच मुळी, जबाबदारीचा आहे.

कृष्णाकाठ: सुभेदाराचं पण तेच झालंय. मल्हारराव होळकर सुभेदार म्हणजे माळव्याचा कारभार बघणारे, आणि बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार म्हणजे इंग्रजी फौजेतला हुद्दा. इंग्रजांनी आपल्याकडचे मोठे मोठे शब्द घेतले आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या खालच्या जागांना चिकटवले, याचा मला खरंच राग येतो. सुभा सांभाळणारा माणूस कालच्या पोराला सलाम करायला लागला.

शुद्धमराठी: मुळात हे सगळे शब्द फारशी-अरबी. महाराजांनी फारशी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? राज्याभिषेकाच्या वेळी १६७४ मध्ये सरनोबताचा सेनापती झाला. मग आपण फलकावर दुर्गपाल का लिहू नये?

मीनल_के: कारण गडावरच्या कागदात हवालदार आहे. कोश झाला तरी लोक महाराजांचे सेनापती हंबीरराव मोहित्यांना आजही सरनोबत म्हणतातच ना. साडेतीनशे वर्षं तोंडात असलेला शब्द परका कसा? आणि नाईक तर संस्कृतातलाच आहे, त्याला कुणी काय वेगळी वागणूक दिली? इटलीत १९४४ ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगावचे यशवंत घाडगे नाईकच होते.

शुद्धमराठी: तोंडात आहे म्हणून बरोबर, असं म्हटलं तर कोशांची गरजच काय. सरनोबत शब्दातली नौबत म्हणजे नगारा हे तरी किती जणांना माहितीये?

जुना_बखरवाला: नगारा नव्हे, नौबत म्हणजे पाळी, पहारा. पहाऱ्याचा प्रमुख तो सरनोबत. माझं मत तरी हेच.

पन्हाळकर: मला जमादारबद्दल बोलायचंय. माझे आजोबा कोल्हापूरच्या राजाराम रायफल्समध्ये जमादार होते, संस्थान विलीन झालं तशी ती पलटण मराठा लाईट इन्फंट्रीत गेली. घरात त्यांचा फोटो आहे, खांद्यावर एकच तारा. पुण्यातला भाचा म्हणाला आजोबा लेफ्टनंट होते, कारण सेकंड लेफ्टनंटलाही एकच तारा असायचा. जमादाराला एक, सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला मुकुट, मुकुटाच्या जागी प्रजासत्ताक झाल्यावर सिंह आले. आत्ता नायब सुभेदाराच्या ताऱ्याबरोबर लाल-पिवळी-लाल फीत असते म्हणून फरक कळतो. आणि हिंदीत जमादार म्हणजे झाडूवाला झाल्यामुळे आजोबांचा हुद्दा सांगितला की समोरचा गप्प होतो, ते मला फार लागतं. १९६५ ला सैन्याने जमादार काढून नायब सुभेदार केलं. झाडणाऱ्या माणसाचा मान आपण ठेवला असता तर शब्द बदलायची वेळच आली नसती.

कृष्णाकाठ: पन्हाळकर, एकदम पटलं. नाव बदलून प्रश्न सुटत नाही.

सह्यवेडा: सगळं छान आहे हो, पण फलकावर काय लिहू? हवालदार तसाच ठेवून पुढे 'गडाचा प्रमुख अधिकारी' असं इंग्रजीत दिलं तर?

शुद्धमराठी: प्रमुख म्हणू नका. हवालदार, सबनीस, सरनोबत तिघे एकमेकांवर लक्ष ठेवायला होते, एकट्याच्या मनात आलं तरी गड शत्रूला देता येऊ नये म्हणून.

जुना_बखरवाला: मग किल्ल्या तिघांकडे होत्या का? हवालदाराकडेच होत्या. सह्यवेडा, प्रमुखच लिहा.

धारवाडहून: आमच्याकडे हवालदार, जमादार, नाईक ही आडनावं आहेत, एकाच गल्लीत तिन्ही. हवालदारांच्या घरी पूर्वज गडावर होते सांगतात, इंग्रजी फौजेतले म्हटलेलं त्यांना चालत नाही. पन्हाळकर, राजाराम रायफल्सच्या टोपीवरचा बिल्ला कसा होता? फोटोत नीट दिसत असेल तर टाका.