सातांतल्या दोनच एअरगन ठेवायच्या, आणि फाइनवेर्कबाऊ ३००एस ही मॅच रायफल विकायची म्हणतोय. चुकतोय का?

नौपाडाकर: बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. आता तीन वर्षं घोडबंदरला भाड्याच्या वन बीएचकेत. बायकोने कपाटाचा एकच कप्पा दिलाय, त्यात दोनच मावतात. डायना २७ राहणार, ती बाबांची. दुसरी वेब्ली मार्क ३. फाइनवेर्कबाऊ ३००एससकट बाकीच्या पाच काढतोय.

वाशीचा_नेम: काका, ३००एस विकताय? साइड लिव्हर ओढा, घोडा दाबा, आख्खी ॲक्शन रुळावर मागे सरकते. खांद्याला झटका म्हणून नाही. सत्तरच्या दशकात १० मीटर नेमबाजीच्या स्पर्धांत तिचाच दबदबा होता. डायना २७ काय, ढिगाने बनल्या. आठवण हवी तर फोटो काढून ठेवा.

नौपाडाकर: फोटोने नेम धरता येत नाही रे. २७ चा वायसर, म्हणजे आतल्या दट्ट्याची हवा अडवणारी चकती, चामड्याचा आहे. गेल्या पावसाळ्यात हवा सुटायला लागली, तर स्टेशनजवळच्या चांभाराने जुन्या पट्ट्यातून कापून दिला. घोड्याच्या यंत्रणेतल्या तीन बारीक पोलादी गोळ्या मात्र घरंगळल्या. एक फ्रिजखाली सापडली, तीही दुसऱ्या दिवशी. बसवताना ग्रीसने चिकटवून धरायच्या, हे तेव्हा कळलं. ३००एसचं काही बिघडलं तर सुटा भाग जर्मनीहून मागवत बसायचं?

कळवेकर: वेब्ली .२२ (५.५ मिमी नळीची) आहे का? ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलच्या वर ताकद असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागतं. आधी ते बघा, मग कप्पा.

नौपाडाकर: .१७७ आहे, म्हणजे ४.५ मिमीच. बाकीच्याही.

नेरुळ_ताई: मला तर वेब्लीचंच कोडं पडलंय. १९७५ ला बंद झालेली, वजनाला धोंडा. छर्रा टॅपमध्ये, म्हणजे नळीमागच्या फिरत्या तोटीत टाका, टॅप फिरवा, मग बार. टॅप झिजला की हवा तिथूनच गळणार, तो काही चांभार कापून देणार नाही. दुरुस्तीचाच निकष असेल तर तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो.

नौपाडाकर: हे मान्य, ताई. पण डायनासारखी नळी सांध्यात खाली वाकवावी लागत नाही, खालचा लिव्हर ओढायचा, त्यामुळे नळीचा सांधा ढिला होऊन नेम बिघडायची भीती नाही. आणि खरं सांगू, ती हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नाही.

वाशीचा_नेम: म्हणजे निकष-बिकष काही नाही, मन रमतं तिथे. मग ३००एसची किंमत सांगा. रविवारी येतो, पण आधी दहा छर्रे मारून बघणार.