प्रतिसाद: सोबतच्या माणसालाही शिकवा

जखमी माजी सैनिकांना बर्फावरून घसरत उतरायला, म्हणजे स्कीइंग शिकवणाऱ्या शिबिरांवर ‘आठवडाभर बर्फात मजा, घरी आल्यावर पुन्हा तीच व्हीलचेअर’ अशी टीका होते. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. माजी सैनिक एकटाच शिकून गेला तर तसंच होतं. अमेरिकेत जखमी माजी सैनिकांसाठी हिवाळी खेळांचं राष्ट्रीय शिबिर १९८७पासून भरतंय, पण खरी गरज आहे घराजवळच्या छोट्या कार्यक्रमांची. कोलोरॅडोत अशाच एका ठिकाणी मी दोन हिवाळे स्वयंसेवक होते.

तिथे मोनोस्की वापरतात. मोनोस्की म्हणजे एकाच स्कीवर (बर्फावरून घसरायच्या लांब पट्टीवर) बसवलेली खुर्ची, हातात टोकाला छोट्या स्की असलेल्या काठ्या. कमरेखाली ताकद नसलेला माणूसही तिच्यावरून स्वतः उतार उतरतो. हातही अशक्त असतील तर दोन स्कींची खुर्ची, आणि मागे खुर्चीला बांधलेला पट्टा धरून प्रशिक्षक. धोका वेगळाच असतो! मणक्याला इजा झालेल्याला पाय गारठल्याचं कळतच नाही. म्हणून मधूनमधून आत येऊन मोजे काढायचे, बोटांचा रंग बघायचा, बसून त्वचा लाल झालीय का तेही तपासायचं. हे आम्ही पहिल्याच दिवशी घरच्यांना शिकवायचो. एका सैनिकाची बायको पुढच्या हिवाळ्यात पट्टा धरायचंही रीतसर शिकली. आता ती दोघं आमच्याशिवाय डोंगरावर जातात.